वीज कुणाच्या नावावर?

(कोल्हापुरात बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात सौर पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर यांची बोलणी सुरू झाली की आपण चहा टाकायला आत जातो. बाहेर ठरतं, आपल्याला नंतर कळतं. म्हणून आज त्याच विषयावर बोलू या.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हा सगळ्यांना आठवतो. वीज उपकेंद्रं पाण्यात गेली, गावंच्या गावं अंधारात राहिली, मोबाईल बंद पडले. आता कुणी म्हणेल, छतावर सौर पॅनेल असती तर उजेड राहिला असता. तसं नसतं. छतावरची नेहमीची यंत्रणा महावितरणच्या तारांना जोडलेली असते. तारेतली वीज गेली की तीही आपोआप बंद होते. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. उजेड राहायला हवा असेल, तर सोबत बॅटरी हवी. निदान स्वतःची छोटी बॅटरी असलेला सौर कंदील तरी हवा. हे विकणाऱ्याला आपण विचारायचं.

बॅटरीतही फरक आहे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी शिसं आणि आम्लाची. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं आणि काही वर्षांत ती बदलावी लागते. लिथियम आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. तिच्यातलाच लिथियम, लोह आणि फॉस्फेटचा प्रकार आता घरांसाठी मिळतो. पाणी घालायला नको, हजारो वेळा चार्ज होते. शिवाय तिला कोबाल्ट लागत नाही. काँगोमधल्या खाणींत हे कोबाल्ट काढायला लहान मुलंही राबतात, म्हणून हेही महत्त्वाचं. सुरुवातीला पैसे जास्त लागतात, ते मात्र खरं.

आता मुद्द्याचं बोलते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान. एक किलोवॉटमधून दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते. पण अर्ज कुणी करायचा? वीजबिलावर ज्याचं नाव, त्यानं. आपल्या घरांत ते नाव बहुधा सासऱ्यांचं, नाहीतर नवऱ्याचं.

शेतातही तेच. आपल्याकडे उसाला पाणी पाजायला वर्षानुवर्षं रात्रीची वीज. माणूस काळोखात सापा-विंचवात उभा, आणि घरात बाई जागी. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ मध्ये याच शहरात शेतकरी आंदोलनाला बसले होते. सौर पंप दिवसा चालतो, म्हणून तो हवाच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. पण त्यासाठी सातबारा लागतो. भांगलण आपण करायची, आणि ‘मागेल त्याला’ मधला ‘तो’ मात्र सातबारावरचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सातबारावर अनेक नावं असतील, तर पंपासाठी बाकीच्या हिस्सेदारांचं ना-हरकत पत्र लागतं. म्हणजे तुमचं नाव असेल, तर तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानं दिला, देशभर २००५ मध्ये मिळाला. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीवर हक्कसोडपत्राला सही करणाऱ्या बहिणी आहेतच.

राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेत शाळेची पायरी न चढलेल्या बायका सौर दिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकल्या, परदेशांतल्या आज्याही तिथं येऊन शिकून गेल्या. तेव्हा ‘बायकांना यातलं कळत नाही’ हे कारण आता चालणार नाही.

घरी गेल्यावर वीजबिल आणि सातबारा काढून बघा. नावं कुणाची आहेत ते एका कागदावर लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आपलं नाव लावून घेण्याचे अर्ज आपण सगळ्या मिळून भरू.