मंडळांच्या स्मरणिका निघाल्या, घरांच्या राहिल्या





मराठी माणसाला फिलाडेल्फिया हे शहर परकं नाही. 1883मध्ये अमेरिकेत आलेल्या आनंदीबाई जोशी इथल्याच महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, 1886मध्ये डॉक्टर झाल्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. पुढे त्यांची रक्षा पोकीप्सीला, या मावशीच्याच कौटुंबिक दफनभूमीत विसावली. परमुलखात नाती जोडायची, ती अशी.

पुढे बराच काळ या देशाचं दार आपल्याला जवळपास बंदच होतं. 1946मध्ये ते किलकिलं झालं: साऱ्या भारताला वर्षाला जेमतेम 100 जागा! 1965च्या स्थलांतर कायद्याने ते उघडलं आणि इंजिनीअर, डॉक्टर येऊ लागले. भारताचे परकीय चलनाचे नियम तेव्हा इतके कडक, की कित्येकांच्या खिशात 8 डॉलरच असत. ही 8 डॉलरची गोष्ट आजोबांनी सुरू केली, की नातवंडं ती पुरी करतात!

पुढच्या रांगेत बसलेल्या आजी-आजोबांनो, मला त्यापुढचं ऐकायचं आहे. टेलिफोन डिरेक्टरीत जोशी, कुलकर्णी, पाटील शोधून अनोळखी घरी फोन कुणी लावला? खवा मिळेना म्हणून बिस्क्विकच्या तयार पिठाचे गुलाबजाम केले, त्यातले किती फुटले? लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आजीने विमानतळावर डिंकाचे लाडू कोणत्या भाषेत समजावले? आणि सगळे कामावर गेल्यावर, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, ती दिवसभर काय करायची? हा शेवटचा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. आजोबांच्या पदव्या-नोकऱ्या कागदोपत्री आहेत. तिचे ते दिवस कुठेच नोंदलेले नाहीत.

1981मध्ये इथल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, अधिवेशनं भरली. मंडळांच्या स्मरणिका निघाल्या. घरांच्या मात्र राहून गेल्या.

म्हणून नातवंडांनो, शेजारच्या दालनात ध्वनिमुद्रणाची सोय केली आहे. आजीला तिथे घेऊन जा. मराठी अडली तर इंग्रजीत विचारा; उत्तर तिला हव्या त्या भाषेत देऊ द्या आणि मध्ये बोलू नका. जुन्या फोटोंमागे नावं आजच लिहून घ्या.

व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. आता अध्यक्षांना विनंती, की त्यांनी संमेलनाचं उद्घाटन करावं.