गावच्या पाण्याचा जमाखर्च



१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख होती. २०११ मध्ये ती ११ कोटी २३ लाखांवर गेली. या काळात पावसाच्या सरासरीत मात्र अशी वाढ झालेली नाही. देशात १९५१ साली माणशी वर्षाला सुमारे ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होते. २०११ मध्ये ते १,५४५ घनमीटरांवर आले. माणशी १,७०० घनमीटरांखालील उपलब्धता ही पाणीटंचाईची नांदी मानली जाते.

परंतु केवळ डोकी मोजून हा प्रश्न उलगडत नाही. माणसे किती, याबरोबरच पाणी कशासाठी व किती वापरले जाते, याचाही हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब कोणत्याही ग्रामपंचायतीस सहज करता येण्याजोगा आहे.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १०,००० लीटर पाणी मिळाले. उदाहरणादाखल, १,००० हेक्टर क्षेत्राच्या गावी ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०० कोटी लीटर पाण्याची जमा होते. त्यातील बरेचसे वाफ होऊन उडून जाते वा ओढ्यानाल्यांतून वाहून जाते. दख्खनच्या कठीण काळ्या खडकात साधारणतः दहावा हिस्साच मुरतो, असे धरले तर विहिरींच्या वाट्याला ४० कोटी लीटर येतात.

आता खर्चाची बाजू पाहावी. गावात १,५०० माणसे असून प्रत्येकास दररोज ५५ लीटर पाणी द्यावयाचे, तर वर्षाला सुमारे ३ कोटी लीटर लागतात. उसाला पूर्ण वाढीसाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे ४०० मिलिमीटर वजा केले, तरी हेक्टरी १ कोटी ६० लाख लीटर विहिरीतून उपसावे लागतात. म्हणजे साऱ्या गावाचे वर्षाचे पिण्या-वापरण्याचे पाणी दोन हेक्टरांहूनही कमी ऊस पिऊन टाकतो. आणि २५ हेक्टर उसात जमेची बाजू संपते. गुराढोरांसाठी, ज्वारीसाठी, भाजीपाल्यासाठी काहीच उरत नाही. उद्या लोकसंख्या दुप्पट झाली, तर पिण्याच्या पाण्याचा खर्च ३ कोटींनी वाढेल. पण पीकपद्धती तीच राहिली, तर त्या वाढीव माणसांना घागरभर पाणीही मिळणार नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरविता घरातील माणसांच्या संख्येवर ठरविण्यात आला: माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर. भूमिहीनांचाही त्यावर हक्क मानला गेला. उसासारख्या तहानलेल्या पिकास मनाई होती.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हेच सूत्र पुढे नेले. तेथे वर्षाचा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी राखून ठेवावयाचे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवावयाची, असा तेथील क्रम आहे. शेतीसाठी विंधन विहिरी खोदण्यास त्या गावाने स्वतःच बंदी घातली. २०२० पासून केंद्राच्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायतनिहाय जलअंदाजपत्रकास स्थान मिळाले.

अर्थात, ऊस घेणारा शेतकरी हा गुन्हेगार नव्हे. ज्या पिकाला हमखास भाव व गिऱ्हाईक आहे, तिकडे तो वळणारच. म्हणून कमी पाण्याच्या पिकांना बाजार मिळवून देणे व ठिबक सिंचनाचा प्रसार करणे हेही या हिशेबाचेच अंग ठरते. मात्र ठिबकने वाचलेले पाणी लागवड वाढविण्यात खर्ची पडले, तर बचत कागदावरच राहील.

यासाठी लागणारे साहित्य फार नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, चार-सहा निरीक्षण विहिरींच्या पातळीची नोंदवही आणि तलाठ्याकडील पीकपाहणी एवढे पुरे. शिक्षकांनी मुलांकडून नोंदी ठेवून घ्याव्यात, ग्रामसेवकांनी ताळेबंद मांडावा आणि पंचायत सदस्यांनी तो पावसाळा सरताच, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी, ग्रामसभेत वाचून दाखवावा. पेरणी झाल्यावर मांडलेला हिशेब केवळ तुटीची नोंद ठरतो. पेरणीपूर्वी मांडलेला हिशेब गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यापासून वाचवू शकतो.