ऐकाव्यात अशा मुलाखती



"काहीतरी चांगलं ऐकायला सुचवा," असं कुणी म्हटलं, की मी गाणं सुचवत नाही, मुलाखत सुचवतो. गायकाची, नटाची, वादकाची, चित्रकाराची. आणि तीही रेडिओवरची. समोरचा माणूस जरा हिरमुसतो. "मुलाखत काय ऐकायची? ती तर वाचताही येते," असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आज त्या चेहऱ्यालाच उत्तर द्यायचं आहे.

आमचे मामा संगीत नाटकांत ऑर्गन वाजवायचे. नाव जाहिरातीत अगदी शेवटी, बारीक अक्षरांत. १९८१ साली त्यांना रेडिओवर मुलाखतीचं बोलावणं आलं. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. प्रसारणाच्या दिवशी सगळं घर रेडिओभोवती बसलं होतं. मी तेव्हा अकरावीत होतो. घरात नवा टेपरेकॉर्डर आला होता आणि कॅसेटवर मुलाखत उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

मामा आधी ठरावीक बोलले. गुरू कोण, पहिलं नाटक कोणतं, दौऱ्यात हाल कसे व्हायचे. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या गाण्याला साथ केलीत. स्वतः गावंसं कधी वाटलं नाही?"

रेडिओ गप्प झाला. मला वाटलं, वीज गेली. पण खुर्ची करकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मामांचा. "वाटायचं की. पण तुम्ही गा म्हणून कुणी म्हटलंच नाही."

बाईंनी घाईने पुढचा प्रश्न टाकला नाही. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आता म्हणता का दोन ओळी?" आणि मामा गायले. थोडा घोगरा, पण सुरात अगदी पक्का आवाज. तीस वर्षं संसार केलेल्या आमच्या मामीने तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कार्यक्रम संपल्यावर काही न बोलता आत गेली.

हीच मुलाखत छापून आली असती, तर त्या शांततेच्या जागी तीन टिंबं पडली असती. रेडिओचं वेगळेपण इथे आहे. चेहरा दिसत नाही, म्हणून सगळं लक्ष आवाजाकडे जातं. श्वास, आवंढा, अडखळणं, एखादी जागा दाखवण्यासाठी सहज केलेली गुणगुण, हे सगळं कानावर पडतं. कलावंत आयुष्यभर लोकांसमोर तयारीने उभा राहतो. बिनतयारीचा तो सापडतो अशा मुलाखतीत.

आता काय ऐकायचं, ते सांगतो. सुरुवात घरातूनच करू. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली. तिच्या 'उजाले उनकी यादों के' या कार्यक्रमात चित्रपटसृष्टीतल्या एकेका कलावंताशी आठवडेच्या आठवडे गप्पा चालत. अर्ध्या तासात आयुष्य उरकायचं नसल्यामुळे माणूस हळूहळू सैल होतो आणि तिसऱ्या-चौथ्या भागात खरं बोलू लागतो. सकाळच्या 'संगीत सरिता'त कलावंत राग समजावून सांगतात आणि सांगता सांगता गुरुघरच्या आठवणींत शिरतात. जवानांसाठीच्या 'विशेष जयमाला'त कलावंत स्वतःच निवेदक होतो. मग त्याने कोणती गाणी निवडली, यावरूनही तो कळतो.

गाण्यांच्या निवडीवरून माणूस ओळखायचा, हा खेळ बीबीसीने फार पूर्वी मांडला. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम २९ जानेवारी १९४२ रोजी, ऐन महायुद्धात सुरू झाला आणि आजही चालू आहे. कल्पना रॉय प्लॉमली यांची. १९८५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनीच तो चालवला. तुम्ही एका निर्जन बेटावर अडकलात. सोबत आठच रेकॉर्ड्स नेता येतील, तर कोणत्या न्याल? पुढे त्यात एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू यांचीही भर पडली. प्रश्न साधा, पण त्यातून लहानपण निघतं, आई-वडील निघतात, तुटलेली नाती निघतात. आणि कधी कधी स्वभावही उघडा पडतो. एलिझाबेथ श्वार्झकॉफ या थोर गायिकेने १९५८ मध्ये निवडलेल्या रेकॉर्ड्स बहुतेक सगळ्या स्वतःच्याच होत्या!

तिसरं नाव शिकागोच्या स्टड्स टर्केल यांचं. तिथल्या 'डब्ल्यूएफएमटी' या रेडिओ केंद्रावरून त्यांनी १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षं मुलाखती घेतल्या. गायक, नट, लेखक आणि अगदी साधे कामगारही. त्यांना स्वतःचा टेपरेकॉर्डर नीट हाताळता येत नसे. ते बटणांशी झटापट करू लागले, की समोरचा माणूसच मदतीला यायचा आणि यंत्राची भीती तिथेच संपायची.

ऐकताना दोन गोष्टींकडे कान ठेवा. एक, पोटापाण्याचा विषय. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षं नोकरी केली. हे ठाऊक असलं, की 'कट्यार काळजात घुसली'मधले त्यांचे खाँसाहेब ऐकताना कारकुनीच्या टेबलावर राहूनही सांभाळलेलं गाणं आपल्याला जाणवतं. कलावंताने कलेखेरीज काय केलं, कुणाचं देणं फेडलं, कुणाची वाट पाहिली, हे विचारणारी मुलाखत चांगली समजावी. दुसरं, मुलाखत घेणारा किती वेळ गप्प बसतो, ते पाहा. आपलं ज्ञान दाखवणारा मुलाखतकार समोरच्याला बोलूच देत नाही. शिवाय ऐकताना भाजी निवडायला हरकत नाही, पण दुसरा कुठलाही पडदा समोर नको.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो, त्याला एक कारण आहे. जुन्या काळी टेप महाग, त्यामुळे जगभरच्या केंद्रांवर एकाच टेपवर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण होत असे. बीबीसीच्या त्या कार्यक्रमाचे सुरुवातीच्या काळातले कितीतरी भाग उरले नाहीत. २०२२ मध्ये एका हौशी संग्राहकाकडून नव्वदहून अधिक हरवलेले भाग परत मिळाले.

आमच्या घरात मात्र उलटं घडलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानी यांची वार्षिक गीतमाला लागणार होती. माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. मी मामांच्या मुलाखतीवर गाणी टेप केली. पुढे एकदा मामा घरी आले आणि सहज म्हणाले, "ती कॅसेट लाव रे जरा." मी म्हणालो, "फीत अडकून तुटली, मामा." ते म्हणाले, "असू दे." पुन्हा त्यांनी कधी विषय काढला नाही. १९८६ मध्ये ते गेले. मामांचं गाणं या जगात एकदाच टेप झालं होतं, आणि ते मी पुसलं.

२०२४ मध्ये अमीन सायानी गेले, तेव्हा त्यांचा आवाज जिकडेतिकडे ऐकू येत होता. मला त्याच्याखाली दबलेला दुसरा आवाज आठवत राहिला.

म्हणून आज दोन विनंत्या. पहिली, जे जपलं गेलंय ते ऐका. प्रसार भारतीच्या संग्रहातलं बरंच काही आता इंटरनेटवर आहे. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'चं भांडार बीबीसीने २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. टर्केल यांच्याही मुलाखती तशाच ऐकता येतात. आठवड्याला एक ऐकलीत तरी पुरे.

दुसरी विनंती तुमच्या गावातल्या माणसांसाठी. दशावतारात मृदंग वाजवणारे काका असतील, तमाशाच्या फडात नाचलेल्या एखाद्या मावशी असतील, नाटकात रंगभूषा करणारे आजोबा असतील. आता ध्वनिमुद्रणाचं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांच्याजवळ बसा, फोन चालू करून बाजूला ठेवा आणि विचारा. ते गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबा. आणि घरी आल्यावर त्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन ठेवा. एकाच्याच हाती राहिलं की काय होतं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.



(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)