ज्ञानाला वाट हवी



सिंधुदुर्ग म्हणजे काय, असे कोणी विचारले तर उत्तरे तीन येतात. एक, मालवणच्या समुद्रात १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला. दुसरे, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला आपला जिल्हा. तिसरे, कोकण रेल्वेचे ओरोसजवळचे स्थानक. नाव एक, पण किल्ल्यासाठी आलेल्याला स्थानकाच्या पानावर सोडले, तर तो रित्या हातांनीच परत जाणार.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अनेकांच्या हातांनी घडतो आहे. आम्ही लिहिणारे लेखांची संख्या मोजतो. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र क्वचितच मोजतो. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तेव्हा सूचीसाठी स्वतंत्र विभाग काढला. ग्रंथ अकारविल्हे असूनही त्यांना सूचीची गरज भासली. इथे तर पानांना क्रमच नाही.

कोणी म्हणेल, शोधाची चौकट आहे ना? आहे, पण ज्याला नाव ठाऊक, त्याच्यापुरती. विदर्भातल्या विद्यार्थ्याला किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायच्या जाळ्याची माहिती हवी आहे. ‘रापण’ हा शब्दच त्याने ऐकलेला नाही, तर तो शोधणार काय? ‘मासेमारी’ या लेखातून रापणीकडे दुवा असेल, तरच तो तिथवर पोहोचेल. नाहीतर लिहिलेले न लिहिल्यासारखेच.

उपाय साधे आहेत. एका नावाचे अनेक अर्थ असतील तर ते सांगणारे पान करावे. मुंबईची सुरमई ती आपली इसवण. तेव्हा दोन्ही नावे एकाच लेखाकडे वळवावीत. लेख योग्य वर्गात घालावा. मग ‘येथे काय जोडले आहे’ यावर टिचकी मारून त्या लेखाकडे कोठून कोठून वाट येते, ते पाहावे. एकही येत नसेल, तर लेख पुरा झाला असे समजू नये.

वर्ग पाडताना आपण जाणत्याच्या सोयीने पाडतो. खरी गरज अजाणत्याची असते. रापणीचे जाणकार दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांचे ज्ञान लिहून ठेवणे हे अर्धे काम. ज्याला त्याचे नावही माहीत नाही, अशा मुलाच्या हाती ते पडावे, ही व्यवस्था करणे हे उरलेले अर्धे. म्हणून आमची विनंती एवढीच, की एक लेख लिहाल तेव्हा त्याच्याकडे येणाऱ्या निदान दोन वाटा पाडा.