पेशीने थांबावे केव्हा, मरावे केव्हा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या हाताची बोटे जरा निरखून पाहा. आईच्या पोटात सुरुवातीला हा हात वल्ह्याच्या पात्यासारखा सपाट असतो. पुढे बोटांमधल्या पेशी आपण होऊन मरतात आणि बोटे सुटी होतात. म्हणजे शरीर घडावयाचे तर पेशींची वाढ जितकी आवश्यक, तितकेच त्यांचे वेळेवर मरणेही आवश्यक आहे. हे ठरवितो कोण?

आपल्या बहुतेक प्रत्येक पेशीत सुमारे २०,००० जनुके आहेत. परंतु डोळ्याच्या पेशीला यकृताची जनुके काय कामाची? कोणते जनुक केव्हा चालू करावयाचे आणि केव्हा बंद, हे पाहणारी सुमारे १,६०० प्रथिने आहेत. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आपण जनुकांचे नियामक म्हणू. ती डीएनएच्या ठराविक जागा पकडतात आणि तेथून कामाची सूत्रे हलवितात. ‘मिक’ नावाचा नियामक वाढीची जनुके चालू करतो. गंमत अशी, की तोच अतिरेक करू लागला तर निरोगी पेशी मरणाच्या वाटेला लागते.

या सर्वांत मोठा मान ‘पी-५३’चा. १९७९ मध्ये तो सापडला, तेव्हा कर्करोग हाच घडवितो असा शास्त्रज्ञांचा समज झाला. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, तो कर्करोग रोखणारा आहे हे उमगले. भल्या माणसावर दहा वर्षे आळ राहावा, तसेच हे झाले!

आपल्या कोल्हापूरच्या तालमीतील वस्ताद आठवा. पठ्ठ्याचा खांदा दुखावला, की वस्ताद त्याला आखाड्याबाहेर बसवितो. पेशीच्या डीएनएला इजा झाली, की पी-५३ तेच करतो. एरवी तो पेशीत तयार होतो आणि लगेच नष्टही केला जातो. इजा होताच हे नष्ट होणे थांबते व तो साठतो. मग तो ‘पी-२१’ हे जनुक चालू करून पेशीचे विभाजन थांबवितो. तेवढ्या अवधीत दुरुस्ती झाली तर उत्तमच. इजा फारच मोठी असेल तर तो ‘प्यूमा’, ‘बॅक्स’ अशी जनुके चालू करतो, आणि पेशी शांतपणे विरघळून जाते. शेजारच्या पेशी तिचे तुकडे गिळून टाकतात. येथे मात्र वस्तादाचा दाखला संपला, कारण कोणताही वस्ताद इतका कठोर नसतो.

माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हाच पी-५३ बिघडलेला आढळतो. बहुतेक वेळा त्याचा डीएनए पकडणारा भागच नासतो. शिवाय ही प्रथिने चौघे मिळून काम करतात. त्यातला एक बिघडला तरी चौकडी लंगडी पडते.

आता घरातले बोलतो. निपाणीची तंबाखूपेठ आपल्यापासून दूर नाही, आणि आपल्या भागात मशेरी लावणाऱ्या आया-आज्या पुष्कळ. विडीच्या धुरातील बेंझोपायरीन शरीरात बदलून डीएनएला चिकटते. फुप्फुसाच्या कर्करोगात पी-५३चे जनुक ज्या ठिकाणी बिघडलेले दिसते, नेमक्या त्याच ठिकाणी ते चिकटते, असे १९९६ मध्ये दिसून आले. तंबाखू चघळली किंवा हिरड्यांना चोळली, तर तिच्यातील नायट्रोसामाइन ही द्रव्ये डीएनएला इजा करतात. ज्याने थांबवावयाचे, घाव त्याच्याच जनुकावर बसू शकतो.

मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी काचपात्रात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत आणि मुलीही शिकल्याच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. आपल्या मुलींपैकी कोणी या वाटेने गेली तर करण्यासारखे काम अजून भरपूर शिल्लक आहे.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: “इतकी वर्षे मशेरी लावली, आता सोडून काय उपयोग?” उपयोग आहे. एकदा बिघडलेले जनुक सहसा पूर्ववत होत नाही हे खरे. पण कर्करोग होण्यास बहुधा एकाच पेशीच्या वंशात अनेक जनुके बिघडावी लागतात. सोडल्यावर नवे घाव थांबतात आणि वर्षागणिक धोका कमी होतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवावा. पुष्कळदा तो दुखत नाही, म्हणूनच दाखवावयाचा राहून जातो.