पायी चालणाऱ्यांचा प्रश्न



कापसाचा भाव आणि बेकारी सोडून हा माणूस मोकाट कुत्र्यांवर बोलायला कसा उभा राहिला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु कुत्रे चावते कोणाला, एवढे पाहिले तरी या प्रश्नाचा वर्गीय आशय ध्यानी येतो. मोटारीतून जाणाऱ्याला ते चावत नाही. पहाटे झाडू घेऊन निघालेली सफाई कामगार स्त्री, जळगावच्या डाळमिलमधून सुटलेला हमाल, धुळ्यात यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून परतणारा विणकर आणि रस्त्यावर खेळणारी मुले यांनाच त्याची धास्ती.

सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते, हे खरे. पण पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावे लागते. चार खेपा म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचे चार रोज बुडाले. त्या चुकवाव्यात तर रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात, असा अंदाज आहे; त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतातली.

कुत्री मारून टाका, हा सोपा वाटणारा उपाय फसलेला आहे. उकिरडा तसाच राहिला की रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात. म्हणून २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरणाचा मार्ग स्वीकारला आणि २०२३ च्या नियमांनी त्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर ठेवली. अर्थशास्त्राच्या भाषेत ही सार्वजनिक वस्तू आहे. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली, तरच रोगाची साखळी तुटते. एका पेठेत काम करून शेजारची पेठ सोडली, तर निम्म्या खर्चाचे निम्मेही फळ पदरात पडत नाही. वर्षभराच्या ठेक्याने हे काम होणारे नव्हे. त्याला कायम यंत्रणा हवी.

ती उभारायची कशाच्या बळावर? ७४ व्या घटनादुरुस्तीने कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हे विषय नागरी संस्थांच्या यादीत घातले. २००३ साली जळगाव व धुळे या महानगरपालिका झाल्या. पुढे जकात गेली, २०१५ साली स्थानिक संस्था करही बहुतांशी गेला आणि राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावणे नशिबी आले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके येथील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. कर्तव्य वरून उतरते. पैसा मात्र उतरत नाही.

साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला मुलांना शिकवले. त्यांच्या खानदेशात भूतदयेचे महत्त्व मी सांगायला नको. पण दया ही व्यक्तीची वृत्ती आहे. तिची व्यवस्था लावणे हे नगराचे काम आहे. चतकोर भाकरी टाकून ते पार पडत नाही.

म्हणून अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. शहरातील कुत्र्यांची गणना झाली काय? त्यांतील किती टक्क्यांना लस टोचली? आणि जाळे घेऊन त्यांच्यामागे धावणाऱ्या कामगाराला स्वतःला लस, हातमोजे व कायम नोकरी मिळाली काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंच्या उत्तरांवर विश्वास ठेवू नका.