डोरेमॉनचं नाक

माणसाला हार कुठे पत्करावी लागेल, काही सांगता येत नाही. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवून मी बी.ए.ची फी भरली. अक्षरांच्या जोडीला शिलाई मशीन, दुधाची गाय, मिठाईचं ताट, गिऱ्हाईक म्हणेल ते काढलं. कुणी पाटी परत पाठवली नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या नातवाने माझी ओळीने तेरा चित्रं नापास केली.

झालं असं, की जावई कुवेतला नोकरीला. लेक आणि नातू जूनमध्ये कायमचे तिकडे राहायला जाणार होते. हा पोरगा जन्मापासून माझ्या घरात वाढलेला. त्याच्यासाठी नवी बॅग आली. विमानतळावर सगळ्यांच्या बॅगा सारख्या दिसतात, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्याने फर्मान काढलं, "नाना, माझ्या बॅगेवर डोरेमॉन काढा." स्टिकर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. त्याला स्टिकर नको होता.

आमच्या वयाच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. डोरेमॉन म्हणजे बाविसाव्या शतकातून आलेला निळा यंत्रमांजर. नोबिता नावाच्या आळशी, रडक्या मुलाला सांभाळायला तो येतो. पोटावरच्या खिशातून हवी ती वस्तू काढून देतो. जपानमध्ये १९६९च्या अखेरीस तो मुलांच्या मासिकांतून पहिल्यांदा आला, आपल्याकडच्या टीव्हीवर २००५पासून हिंदी बोलू लागला. म्हणजे माझी लेकही त्याच्याच संगतीत वाढली. घरात परीक्षक एक नाही, दोन होते.

मला वाटलं, यात काय आहे? एक गोल डोकं, दोन डोळे, लाल नाक, सहा मिशा, गळ्यात घंटा. कानसुद्धा नाहीत, ते उंदराने कुरतडले. बोटं काढायची कटकट नाही, हाताच्या जागी नुसते पांढरे गोळे. दहा मिनिटांचं काम. काढलं. नातवाने मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाला, "नाना, ये तो गुब्बारा है."

दुसरं काढलं ते घुबड झालं. तिसऱ्यात डोकं कंपासने काढलं, तर चेहरा घड्याळाच्या तबकडीसारखा. नीट पाहिल्यावर कळलं, की ते डोकं पुरतं गोल नाहीच, किंचित आडवं पसरलेलं आहे. मग मी बटर पेपर ठेवून छापील चित्र गिरवलं. ही चोरी होती, कबूल. पण चोरीही फसली. रेघ जागच्या जागी होती आणि तरी चित्रात जीव नव्हता. गिरवताना हात घाबरत घाबरत चालतो, ते घाबरणं रेघेत उतरतं. पाटीवरचं अक्षर आधी शिसाने आखून मग ब्रशने भीत भीत भरलं, की असंच मरतं.

गाय काढताना शिंग थोडं वाकडं गेलं तरी ती गायच राहते, कारण गायीत पुष्कळ काही असतं, एकाची चूक दुसरं झाकतं. डोरेमॉनमध्ये झाकायला काहीच नाही. दोन ओळींच्या कवितेचं असंच असतं. लांब कवितेत एक भरतीचा शब्द खपून जातो, तिथे तो लगेच उघडा पडतो. हे मी तीस वर्षं कविसंमेलनांतून सांगत आलो आणि बॅगेपाशी येऊन विसरलो.

त्याच्या निर्मात्यालाही तो एकदम सापडला नव्हता, हा माझा त्या दिवसांतला एकमेव दिलासा. फुजिको एफ. फुजिओ हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव हिरोशी फुजिमोतो. मासिकाला चित्रकथा द्यायची तारीख तोंडावर आली, डोक्यात काही नाही, आणि घरात मुलीच्या गोल डुलत्या बाहुलीला पाय अडखळला. तेव्हा मांजर आणि ती बाहुली एकत्र आली, असं ते सांगत. पण सुरुवातीची चित्रं पाहा, अंग लांबोडकं, डोकं लहान. आजचा गुबगुबीत डोरेमॉन वर्षानुवर्षं काढून काढून घडला. १९९६मध्ये ते गेले. त्यानंतरही दुसरे हात तो काढतच आहेत. जपानमध्ये मुलं गाणं म्हणत चित्र काढतात, एकेका ओळीला एकेक रेघ. डोरेमॉनचंही असं गाणं आहे. मला ते येत नव्हतं, म्हणून मी शिव्या पुटपुटत काढत होतो.

बाराव्या चित्रापाशी लेक चहा घेऊन आली. उभ्या उभ्या म्हणाली, "अब्बा, नाक खाली आलंय." खरंच की! त्याचे दोन्ही डोळे एकमेकांना चिकटलेले, आणि नाक लगेच डोळ्यांखाली, अगदी टेकलेलं. मी माणसाच्या चेहऱ्यासारखी मध्ये जागा सोडत होतो. तेवढ्या अर्ध्या बोटाने त्याचा मोठा माणूस होत होता. नाक वर नेलं आणि तो एकदम आमच्याकडे पाहू लागला. तेराव्यात बुबुळं चुकली. ते ठिपके किती आत, किती बाहेर, यावर सारं आहे. जरा हलले की तो चकणा तरी होतो, नाहीतर लबाड. डोरेमॉन लबाड नाही. तो काळजी करणारा आहे, आणि स्वतःही कारखान्यातला जरा बिघडलेला माल आहे.

चौदावं थेट बॅगेवर, ऑईलपेंटने. निघायला दोन दिवस उरलेले, रंग वाळायला वेळ हवा होता. कागद नाही, आखणी नाही. नातू शेजारी मांडी घालून बसला होता. पोट जरा फुगलं. मी घाईने म्हणालो, "समज, हा डोरेमॉनचा भाऊ आहे."

"त्याला भाऊ नाही," तो म्हणाला. "बहीण आहे, डोरेमी. ती पिवळी असते."

पण पुसा म्हणाला नाही. बराच वेळ पाहत राहिला, मग वाळला की नाही म्हणून बोट लावून पाहिलं. घंटेच्या कडेला तो ठसा राहिला. मी तो तसाच ठेवला.

ते गेले त्या रात्री घरात फार लवकर दिवे मालवले. पहाटे कुवेतहून फोन आला. आधी लेक बोलली, पोहोचलो, सगळं ठीक. मग त्याने फोन ओढून घेतला. "नाना, बॅग लगेच सापडली! इतना मोटा डोरेमॉन और किसी के पास नहीं था."